पाट्याची सुरी
(द्वितीय वर्ष, कला)

गेली दोन वर्षे प्रवेश-अर्जावरील ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ असे लिहीत आलो. ते अगदीच खोटे होते असे नाही. पण ते खरेही नव्हते. माझे वडील लोहारकाम करतात. आम्ही घिसाडी. आजोबा बैलगाडीवर भाता, ऐरण आणि संसार घालून गावोगाव हिंडत. वडिलांच्या काळात आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला पाल टाकले आणि पुढे तेथेच पत्र्याचे घर झाले. घरात दहावीच्या पलीकडे गेलेला मी पहिलाच. ‘घिसाडी’ म्हटले की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते टाळावेत म्हणून मी ‘मजुरी’ लिहीत असे.

यंदा इतिहासाच्या तासाला सरांनी विदर्भातील महापाषाण संस्कृतीचा पाठ घेतला. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे, असे त्यांनी सांगितले. मुले टिपणे घेत होती. मी मात्र मनातल्या मनात भाता ओढत होतो. भट्टीत वारा कोठून जात असेल, कोळसा कसा रचला असेल, या प्रश्नांची उत्तरे मला पुस्तक न उघडता थोडीफार ठाऊक होती. तास संपल्यावर मी भीतभीतच सरांना हे बोललो. ते म्हणाले, “मग वार्षिक अंकात लिही की! पुस्तकातले उतरवू नकोस, ऐरणीवरचे लिही.”

म्हणून प्रस्तुत लेखात मोटारीच्या जुन्या पाट्यापासून सुरी कशी तयार होते, ते मी सांगणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी ती स्वतः केली. पहिली सुरी मोडली, दुसरी झाली. मोडलेल्या सुरीने मला अधिक शिकविले, म्हणून तिचीही हकीकत येथे देत आहे. घरी आम्ही आमची घिसाडी बोली बोलतो. वाचकांच्या सोयीसाठी वडिलांचे व आईचे बोलणे मराठीत दिले आहे.

काय कापायचे आहे?

मला शिकारी सुरा करायचा होता. चित्रपटात पाहिलेला, लांबलचक, टोकदार, पाठीला करवतीसारखे दात असलेला. मी वहीवर त्याचे चित्र काढून वडिलांना दाखविले. त्यांनी वही हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “यानं कापायचं काय?”

मला उत्तर देता आले नाही. वडिलांनी मग आजोबांची गोष्ट सांगितली. त्या काळी बंदूकवाले शौकीन लोक जीपमधून रानात जात आणि जाताना आजोबांकडून सुऱ्या करून घेत. १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते गिऱ्हाईक संपले. पण आजोबा करीत ती सुरी माझ्या चित्रातल्यासारखी मुळीच नव्हती. वडील म्हणाले, “जनावर बंदुकीनं पडायचं. सुरीचं काम त्याच्यानंतर. कातडं फाटू न देता सोडवायचं. तुझे हे दात कातड्यात अडकतील. आणि एवढं टोक असलं तर आतडं फुटंल, सगळं मटण वाया.”

म्हणजे शिकारीची खरी सुरी ही मारण्याची वस्तू नसून सोलण्याची आहे. तिचे पाते चार-साडेचार इंचांचे पुरते. धारेची बाजू टोकाकडे पोटासारखी गोल वळलेली असते, कारण कातडे सोडविताना हीच गोलाई काम करते. पाठ टोकाकडे किंचित उतरती असते, त्यामुळे टोक खाली येते आणि नको तेथे घुसत नाही. बाजारातील खाटीक बकरे सोलायला आजही जवळजवळ हीच सुरी वापरतात. मी चित्र खोडून नवे काढले. हा माझा पहिला धडा. हत्यार करणाऱ्याने आधी कामाचा विचार करायचा, रूपाचा त्यानंतर.

पोलादाची पारख

सगळे लोखंड सुरीच्या कामाचे नसते. घराच्या स्लॅबमध्ये घालतात ती सळई तापवून पाण्यात बुडविली तरी धार टिकण्याइतकी कठीण होत नाही. याचे कारण कार्बन. लोखंडात मिसळलेल्या कार्बनच्या अल्प प्रमाणावर त्याचा कठीणपणा अवलंबून असतो. साध्या सळईत हे प्रमाण शेकडा पाव भागाच्या आसपास असते. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात मात्र ते शेकडा अर्ध्या ते पाऊण भागाच्या दरम्यान असते आणि जोडीला सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम असते. पाट्याला वर्षानुवर्षे वाकून पुन्हा सरळ व्हायचे असते, म्हणून कारखान्यात ते पोलाद मुद्दाम तसे केलेले असते. मालमोटार भंगारात निघाली तरी तिच्या पाट्यातील हा गुण शिल्लक असतो. आमच्याकडचे कोयते, कुऱ्हाडी, विळे बहुतेक अशाच पाट्यांतून होतात.

भंगारवाल्याच्या ढिगातून पाटा निवडताना वडील तीन गोष्टी करतात. त्या कोणालाही करता येतील.

पहिली, आवाज. पाटा तारेला टांगून त्यावर हातोडी मारायची. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर पाटा सलग आहे. बद्द आवाज आला तर आत कोठे तरी चीर आहे. लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण सुरी पाण्यात घातली की उघड्या पडतात.

दुसरी, ठिणगी. फिरत्या सहाणेवर तुकडा धरला की सळईच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. पाट्याच्या ठिणग्या पुढे जाऊन फुटतात आणि त्यांना फांद्या येतात. दिवाळीतील फुलबाजी आठवावी. कार्बन जितका अधिक, तितके हे फुटणे अधिक.

तिसरी, मोड. पाट्याचा बोटभर तुकडा लाल करून पाण्यात बुडवायचा आणि मग ऐरणीवर हातोडीने मारायचा. वाकला तर ते पोलाद नव्हे. काचेसारखा तुटला तर ते पोलाद आहे. तुटलेल्या जागी कण कसे दिसतात तेही पाहून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे येईल.

एक सावधगिरी येथेच सांगतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळी भट्टीत कधीही घालू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो. आमच्या आळीत हे सर्वांना माहीत आहे. आता वाचकांनाही असावे.

मी जीपचा जुना पाटा निवडला. तो दोन इंच रुंद आणि सहा-सात मिलिमीटर जाड होता. त्यातून नऊ इंचांचा तुकडा हवा होता, निम्मा पात्यासाठी आणि निम्मा मुठीसाठी.

ताव आणि घण

आमच्या भट्टीला आता कातडी भाता नाही, हाताने फिरवायचा पंखा आहे. कोळसा पेटला की पाटा त्यात घालायचा आणि रंग पाहायचा. भट्टीवर पत्र्याचे छप्पर असते ते काही केवळ पावसासाठी नव्हे. उन्हात लाल लोखंडसुद्धा काळे दिसते. रंग वाचायचा तर सावली हवी. म्हणून पाणी देण्याचे काम वडील नेहमी दिवस कलताना करतात.

पाटा आधी केशरी होईपर्यंत तापवून छिन्नीने तोडला. मग घडाई सुरू झाली. वडील डाव्या हाताने सांडशीत तुकडा धरतात, उजव्या हातातील लहान हातोडीने जेथे घाव हवा तेथे टिचकी मारतात आणि समोरून आई त्याच जागी घण घालते. आमच्या समाजात घण बाई चालविते, हे रस्त्याने जाणारे-येणारे थांबून पाहतात. मला लहानपणी त्याची लाज वाटे. शाळेतील मित्र बरोबर असला की मी रस्ता बदलून जाई. हे येथे लिहितानाही बरे वाटत नाही. पण झाकून ठेवले तर ‘मजुरी’ लिहिण्यात आणि यात फरक काय?

या खेपेस सांडशी माझ्या हातात होती आणि घण आईच्या. चार घाव झाले नाहीत तोच आई म्हणाली, “थांब. निवलं.” मी पाहिले तर तुकडा मला अजून लालच वाटत होता. मी विचारले, तुला कसे कळले? ती म्हणाली, “घण उडायला लागला की समजायचं.” तापलेले लोखंड घाव पिऊन टाकते, निवत आलेले लोखंड घण परत फेकते. पाट्याचे पोलाद लाली गेल्यावर ठोकत राहिले तर त्याला चिरा जातात. डोळा चुकला तरी मनगट चुकत नाही. वडील कितीतरी वर्षे आईच्या मनगटावर विसंबून आहेत, हे मला एकोणिसाव्या वर्षी समजले.

सहा-सात तावांत पात्याला उतार आला. धार काढताना पाते एका बाजूला वाकते, कारण ठोकलेली बाजू लांबते. म्हणून आधी उलट्या बाजूस थोडे वाकवून घ्यायचे, म्हणजे ठोकल्यावर ते आपोआप सरळ येते. घडाई संपली की तुकडा पुन्हा लाल करून भट्टीशेजारच्या राखेत पुरून ठेवायचा. रात्रभरात तो हळूहळू निवतो आणि कानशीने घासण्याइतका मऊ होतो. दुसरा सगळा दिवस मी कानस चालविली. या वेळी धार अगदी पातळ करायची नसते. रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढी जाडी ठेवायची. फार पातळ केले तर पाणी देताना धार वाकते किंवा तडकते. मुठीच्या खिळ्यांची भोकेही आताच पाडून घ्यावीत. नंतर पोलाद बरमा घेत नाही.

मोडलेली सुरी

आता पाणी द्यायचे होते. मराठीत आपण ‘धारेला पाणी आहे’ असे म्हणतो, ते या क्रियेवरून.

त्या दिवशी वडील बाजाराला गेले होते. मी ठरविले की ते येण्याआधी सुरी तयार करून दाखवावी. मी कोळसा फुलविला, सुरी पिवळी होईपर्यंत तापविली आणि हौदातील गार पाण्यात मुठीपर्यंत एकदम बुडविली. पाणी उसळले. त्या आवाजात एक बारीकसा ‘टिच्’ असा आवाज आला. बाहेर काढून पाहिले तर धारेपासून पाठीपर्यंत आडवी चीर गेली होती. ऐरणीवर हलकेच आपटताच सुरीचे दोन तुकडे झाले.

वडील आल्यावर रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी तुटलेली कड माझ्यासमोर उन्हात धरली. आतले कण चमकत होते. “बघ, साखर झाली,” ते म्हणाले. मग त्यांनी आम्ही पारख करताना तोडलेला तुकडा शोधून आणला. त्याची मोड राखेसारखी करडी आणि मऊसूत होती. पोलाद तेच, पाटा तोच. मी ते जास्त तापविले म्हणून त्याचे कण मोठे झाले आणि कण मोठे झाले की पोलाद ठिसूळ होते.

सुट्टीनंतर महाविद्यालयाच्या वाचनालयात मी याचा शास्त्रीय खुलासा शोधला. विज्ञान शाखेच्या एका मित्राने समजून घ्यायला मदत केली. तो थोडक्यात असा. तापून लाल झालेल्या पोलादात अणूंची रचना बदलते आणि कार्बन त्या नव्या रचनेत विरघळतो. सावकाश निवू दिले तर कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम निवविले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो आणि ताणलेली अशी एक कठीण रचना तयार होते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. ती कठीण असते, पण काचेसारखी ठिसूळ असते. पाट्याच्या पोलादाला यासाठी आठशे ते पावणेनऊशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान उष्णता लागते. मी ती त्याहून पुष्कळ वर नेली होती.

उष्णतामापक नसेल तर एक खूण उपयोगी पडते. लोखंड सुमारे ७७० अंशांना लोहचुंबकाला चिकटेनासे होते. जुन्या ध्वनिवर्धकातील चुंबक तारेला बांधून जवळ न्यावा. तो ओढला गेला नाही की आणखी थोडासाच ताव द्यायचा आणि थांबायचे. मी हा प्रयोग वडिलांसमोर करून पाहिला. ते रंग पाहून ‘आता’ म्हणाले, तेव्हा चुंबक ओढला जाणे नुकतेच थांबले होते. मी तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच.

वाचनालयात आणखी एक गोष्ट सापडली. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे येथील ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाचे नमुने पाठविले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरील प्रयोगांचा निबंध त्या सोसायटीपुढे मांडला. पुढे मायकेल फॅरडे यांनीही या पोलादावर प्रयोग केले. हे पोलाद उत्तम होते, पण नेहमीच्या सवयीने जास्त तापवून ठोकले की ते फुटून जाई आणि तिकडच्या लोहारांना ते जड जाई. माझ्या हातून जे झाले तेच तेथील कसबी लोकांच्या हातूनही झाले होते, हे वाचून मला थोडा धीर आला. पोलाद जहाजात घालून पाठविता आले, पण त्याचा ताव ओळखणारा डोळा त्याबरोबर गेला नाही.

उसाला टोक लागत नाही

सुरी मोडली त्याच आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला. तो विषयाला सोडून आहे असे वाटेल, पण नाही.

दसऱ्यापासून आमच्याकडे कोयत्यांची गर्दी असते. आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे उसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतो आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. उचल त्या हिशेबाने मिळते. माणसे हत्याराच्या नावाने मोजली जातात, म्हणून ते हत्यार चांगले असावे, असे वडील म्हणतात.

एके दिवशी संध्याकाळी मोटारसायकलवर माझ्याच वयाची दोन मुले आली. त्यांना दोन कोयते हवे होते. एकाने हाताने माप दाखविले. कोयता कोपरापर्यंत लांब हवा आणि पुढे टोक हवे. वडिलांनी विचारले, “कशाला पाहिजे?” मुलगा म्हणाला, “उसाला.” वडील म्हणाले, “उसाला टोक लागत नाही, बाबा.” मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोहोंचे मिळून तीन हजार देतो म्हणाले. आमचा चांगला कोयता चारशेला जातो.

वडिलांनी मान हलवून नाही म्हटले आणि हातातले खुरपे पुन्हा भट्टीत घातले. मुले निघून गेली.

त्या रात्री मी वडिलांशी बोललो नाही. माझ्या परीक्षेचे शुल्क भरायची मुदत चार दिवसांवर आली होती आणि घरात पैसे नव्हते. मला वाटले, ते आपण नाही केले तर दुसरा कोणी करील. मग आपणच का तोटा सोसावा? सकाळी मी हे बोलून दाखविले. वडील म्हणाले, “दुसरा करंल त्याचं पाणी त्यानं द्यावं. माझं पाणी दिलेलं हत्यार कुठं जातं ते मला ठाऊक पाहिजे.” आई काहीच बोलली नाही. त्या आठवड्याच्या बाजारात दोघांनी दिवसभर जुनी खुरपी आणि कुऱ्हाडी शेवटून दिल्या. एका नगाचे चाळीस रुपये. तरी शुल्क मुदतीत भरता आले नाही. मी ते विलंबशुल्कासह भरले.

नंतर शस्त्रांच्या कायद्याची माहिती वाचताना मला एक गंमत आढळली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोजली आहेत. परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायदाही शेवटी तोच प्रश्न विचारतो, यानं कापायचं काय? वर्तमानपत्रांत अलीकडे ‘कोयता गँग’ हा शब्द वरचेवर येतो. तो वाचला की मला ती संध्याकाळ आठवते. मी वडिलांवर अबोला धरला होता, हेही आठवते.

दुसरी सुरी

त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून मी दुसरी सुरी घडविली. या वेळी पाणी वडिलांसमोर दिले.

हौदात आईने तपेलीभर ऊन पाणी ओतून पाणी कोमट केले. गार पाण्याचा धक्का मोठा असतो. पुष्कळ कारागीर पाण्याऐवजी तेल वापरतात. तेल सावकाश निववते, त्यामुळे तडकण्याचे भय कमी असते. मात्र ते भडकू शकते, म्हणून जवळ झाकण ठेवावे लागते. आमच्याकडे पाण्याची रीत आहे आणि तिच्यात एक युक्ती आहे, जी मला पहिल्या वेळी माहीत नव्हती. सगळी सुरी बुडवायचीच नाही. धारेची बाजू खाली धरून केवळ बोटभर पाणी द्यायचे, तेही सुरी किंचित पुढेमागे हलवीत. एका जागी धरली तर पाण्याच्या रेषेवर चीर जाते. धार निवते, कठीण होते. पाठीत मात्र ताव शिल्लक राहतो.

यानंतरचे काम घाईचे आहे. सुरी बाहेर काढून विटेच्या तुकड्याने पाते भराभर घासायचे, म्हणजे काळी खपली जाऊन पोलाद चकचकीत दिसते. पाठीतला ताव हळूहळू धारेकडे उतरू लागतो आणि पात्यावरून रंग चालू लागतात. वडिलांची या रंगांची नावे स्वयंपाकघरातली आहेत. आधी हरभऱ्याच्या डाळीचा रंग, मग गुळाचा, मग वांग्याचा, शेवटी मोराच्या गळ्याचा. पुस्तकात हेच रंग अंशांत दिले आहेत. फिका पिवळा सुमारे २२० अंशांना, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २७५ ते २८० आणि निळा ३०० च्या जवळ. रंग जसा पुढे जातो तसा कठीणपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. ज्या हत्याराला घाव सोसायचे आहेत, त्या कोयत्याला आणि कुऱ्हाडीला वडील वांग्याच्या रंगापर्यंत जाऊ देतात. सुरीला घाव नाहीत, धार टिकायला हवी, म्हणून ती गुळाच्या रंगावर थांबवायची.

मी पाहत होतो. डाळीचा रंग धारेपाशी आला. मग गूळ. मी वडिलांकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. मी सुरी पूर्ण बुडविली.

‘टिच्’ असा आवाज आला नाही. वडिलांनी कानस घेऊन धारेवर टेकविली. कानस न खाता घसरून गेली. मग त्यांनी ती पाठीवर टेकविली. तेथे कानशीने खाल्ले. एकाच सुरीत धार कठीण आणि पाठ चिवट, हे या रीतीचे फळ आहे.

धार आणि मूठ

धार आधी भरड सहाणेवर आणि नंतर बारीक निसण्यावर लावली. दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणजे साधारण वीस अंशांचा कोन ठेवावा. अधूनमधून पाते पाण्यात बुडवीत राहावे. घासताना तापून पात्यावर निळा रंग आला तर तेवढ्या जागेचे पाणी गेले असे समजावे. मूठ बाभळीच्या वाळलेल्या लाकडाच्या दोन फाळक्यांची केली आणि पितळी खिळ्यांनी बसविली. मी ती घासूनपुसून छान गोल केली होती.

बाजारातील आमच्या ओळखीच्या खाटीकमामांना मी ती आठ दिवस वापरायला दिली. आठवड्याने ते म्हणाले, “धार झकास आहे, पण मूठ गोल केलीस. हात ओला झाला की हातातल्या हातात फिरती.” मी मूठ दोन्ही अंगांनी चपटी केली आणि बोटाशी थोडा खाचा घेतला. त्यांनी मला अडीचशे रुपये दिले. चित्रपटातील सुऱ्याला ओल्या हाताचा विचार करावा लागत नाही.

शेवटी

हे सर्व लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पोलादाविषयी मी जे वाचनालयात वाचले, त्यातील बहुतेक आमच्या घरात आधीपासून होते. मात्र ते ‘वांग्याचा रंग’, ‘साखर झाली’, ‘घण उडाला’ अशा शब्दांत होते. पुस्तकाने मला ‘का’ ते सांगितले. ‘केव्हा’ ते घरात होते. दोन्ही मिळाली तेव्हा सुरी झाली. आमच्या महाविद्यालयात कुंभाराची, विणकराची, ढोराची, बुरुडाची मुले-मुली आहेत. त्यांच्या घरातही असे पुष्कळ शब्द असतील. ते त्यांनी पुढील अंकात लिहावेत, अशी माझी विनंती आहे.

पुढील वर्षाचा प्रवेश-अर्ज मी नुकताच भरला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘लोहारकाम’ लिहिले. त्याच्या खाली ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना आहे. तेथे मी दोन्ही वर्षे ‘गृहिणी’ लिहिले होते. या खेपेस तेथेही ‘लोहारकाम’ लिहिले.